ऑफर्डला एक आर, रेफर्डला दोन

प्रश्न असा आला आहे: "इंग्रजीची 'अगदी प्राथमिक' म्हणवणारी एक चाचणी सोडवली. वीसपैकी तेरा पडले. 'ऑफर'चं भूतकाळी रूप दोन आर घालून लिहिलं, चूक निघालं. म्हणून शहाणा होऊन 'रेफर'चं एकाच आरने लिहिलं, तेही चूक! 'रायटिंग'मध्ये दोन टी घातले, चूक. 'ट्रॅव्हलिंग'मध्ये दोन एल घातले, चूक. 'रिसीट'मधला पी राहून गेला आणि 'इट्स'मधली ती वरची टिकली नको तिथे पडली. याला काही नियम आहे की नुसती घोकंपट्टी?"

नियम आहे. पण तो डोळ्यांनी पाळायचा नसून कानांनी पाळायचा आहे, आणि आपण मार खातो तो नेमका तिथेच.

आधी 'रायटिंग' घेऊ, कारण सगळ्याची चावी त्यात आहे. मूळ क्रियापद डब्ल्यू-आर-आय-टी-ई. 'आयएनजी' लावताना शेवटचा ई जातो आणि टी एकच राहतो. पण त्याच क्रियापदाचं तिसरं रूप 'रिटन' पाहा, तिथे टी दोन आहेत. उच्चार करून बघा. एकात 'राय' आहे, दुसऱ्यात 'रि'. स्वराचं अक्षर दोन्हीकडे तेच, आय. मग वाचणाऱ्याला कळावं कसं, की इथे 'आय' म्हणायचं आणि तिथे आखूड 'इ'? ते सांगण्याचं काम टीवर सोपवलेलं आहे. टी एक असेल तर आधीचा स्वर पाय पसरून बसतो, दोन असतील तर त्याला अंग चोरून बसावं लागतं. 'डायनिंग'मध्ये एक एन आणि 'डिनर'मध्ये दोन, ते यामुळेच. आशा करणारा 'होपिंग' एका पीचा आणि लंगडी घालणारा 'हॉपिंग' दोन पींचा, तेही यामुळेच. म्हणजे तुम्ही दोन टी घालून लिहिलेला शब्द इंग्रज माणूस 'रिटिंग' असा वाचेल.

आपल्याकडे ही अडचण नाही. फूल दीर्घ, फुलाला ऱ्हस्व. गरीब दीर्घ, गरिबाला ऱ्हस्व. प्रत्यय लागला की स्वराची लांबी बदलते आणि लिहितानाही वेलांटी-उकार बदलून आपण मोकळे होतो. रोमन लिपीत स्वर पाचच आणि त्यांना ऱ्हस्व-दीर्घाची खूण नाही, म्हणून ते ओझं शेजारच्या व्यंजनाच्या गळ्यात पडलं. बाराव्या शतकात इंग्लंडमध्ये ओर्म नावाचा एक धर्मगुरू होऊन गेला. त्याने हे सूत्र इतकं मनावर घेतलं, की आखूड स्वरापुढचं व्यंजन तो बहुतेक सगळीकडे दोनदा लिही. स्वतःचं नावसुद्धा दोन आर घालून! वर, माझ्या पोथीची नक्कल करणाऱ्याने ही जोडअक्षरं जशीच्या तशी उतरवावीत, अशी ताकीदही त्याने पोथीत लिहून ठेवली आहे. त्याची पद्धत पुढे कुणी उचलली नाही. उचलली असती तर तुमचे दोन-तीन गुण वाचले असते.

हे झालं एकअवयवी शब्दांचं. अवयव म्हणजे शब्दाचा एका झटक्यात उच्चारला जाणारा, एका स्वराचा तुकडा. स्टॉप, प्लॅन, सिट यांचं शेवटचं व्यंजन एकटं आणि त्याआधी स्वराचं अक्षरही एकटं, म्हणून 'आयएनजी', 'ईडी' लागताना व्यंजनाची जोडी होते. 'रेन'मध्ये स्वराची अक्षरं दोन आहेत, 'हेल्प'मध्ये शेवटी व्यंजनं दोन आहेत, तिथे काही करावं लागत नाही. इथवर बहुतेकांना शाळेतलं आठवतं. गाडी अडते ती दोन अवयवांच्या शब्दांवर.

'ऑफर' आणि 'रेफर' देवनागरीत लिहिले की सख्खे भाऊ दिसतात. दोन्ही तीन अक्षरी, दोन्हींच्या शेवटी 'फर'. आपण उच्चारतोही तसेच, सगळी अक्षरं एका वजनाने. इंग्रज तसं करत नाही. 'ऑफर' म्हणताना तो 'ऑ'वर जोर देतो आणि 'फर' कसाबसा उरकतो. 'रेफर' म्हणताना सुरुवात पुटपुटतो आणि 'फर'वर ठासून उभा राहतो. या जोराला आघात म्हणतात. नियम एवढाच, की शेवटच्या अवयवावर आघात असेल तर स्वराने सुरू होणारा प्रत्यय लागताना शेवटचं व्यंजन दोनदा येतं, नसेल तर येत नाही. म्हणून ऑफर्डला एक आर, रेफर्डला दोन. 'ओपनिंग'ला एक एन, 'बिगिनिंग'ला दोन. 'व्हिजिटेड'ला एक टी, 'अ‍ॅडमिटेड'ला दोन. 'डेव्हलप'चा आघात मधल्या अवयवावर, म्हणून 'डेव्हलप्ड'ला पी एकच. यात दुसरा पी घालणारे मला आठवड्याला एक तरी भेटतात.

मराठीत आघात बदलला म्हणून अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे लक्षच देत नाही. इंग्रजीत 'रेकॉर्ड' हे नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर आणि क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. लेखन मात्र एकच. इंग्रजी माध्यमात शिकलेले कित्येक जणही हा फरक पाळत नाहीत, मग लिहिताना आर किती हे त्यांना कान सांगणार तरी कसा? उपाय म्हणजे शब्दकोशात अर्थाआधी उच्चार पाहायचा. उच्चार दाखवताना बहुतेक कोश वरच्या अंगाला एक बारीकशी उभी रेघ देतात. ती ज्या अवयवाच्या आधी, त्यावर आघात. मी स्वतः कित्येक वर्षं 'ऑकर्ड' म्हणजे 'घडलं' हा शब्द एका आरने लिहीत होतो आणि एकदा छापूनही बसलो. ती रेघ पाहिली त्या दिवसापासून पुन्हा चुकलो नाही.

आता खरी गंमत. 'फर'वाल्या शब्दांचं हे सगळं खटलं एकाच लॅटिन धातूचं आहे: फेरे, म्हणजे वाहून नेणं. आपल्या 'भार'मधला संस्कृत 'भृ' धातू त्याचा नातेवाईक, आणि इंग्रजीतलं 'वाहणं, सोसणं' या अर्थाचं 'बेअर'ही. रेफर, प्रिफर, इन्फर, कन्फर, डिफर, ऑफर आणि 'सोसणं' या अर्थाचं सफर ही सगळी त्याच घरची मुलं. त्यातल्या 'रेफर'ची रूपं रांगेत लावून पाहा. 'रेफरिंग'मध्ये आघात 'फर'वर, आर दोन. 'रेफरल'मध्येही तिथेच, आर दोन. पण 'रेफरन्स' म्हटलं की आघात उडी मारून पहिल्या अवयवावर जातो आणि एक आर गळतो. 'रेफरी'मध्ये आघात शेवटच्या 'री'वर असतो, 'फर'ला काही मिळत नाही, म्हणून तिथेही एकच आर. घोकायला गेलात तर हे चार शब्द चार वेगवेगळे अपवाद वाटतील. कानाने ऐकलेत तर चौघे एकाच शिस्तीत चालताना दिसतील. 'प्रेफर्ड'ला दोन आणि 'प्रेफरन्स'ला एक, याचं उत्तर आता तुम्हीच द्याल.

त्याहून मजेशीर जोडी म्हणजे 'पुढे ढकलणं' या अर्थाचा डिफर आणि 'वेगळं असणं' या अर्थाचा डिफर. देवनागरीत मी दोन्ही सारखेच लिहिले, कारण मराठी तोंडात ते सारखेच येतात. लॅटिनमध्येही तो एकच शब्द होता. इंग्रजीत त्याची दोन शकलं झाली. ढकलणाऱ्याने आघात मागे ठेवला, वेगळं असणाऱ्याने पुढे आणला. त्यामुळे पहिल्याच्या भूतकाळात आर दोन आणि दुसऱ्याच्या एक. 'ऑफर'चा आघात पहिल्या अवयवावर का, याचंही कारण सापडतं. हा शब्द चर्चच्या लॅटिनमधून फार लवकर, जुन्या इंग्रजीच्या काळातच आला आणि तिथल्या देशी शब्दांसारखा सुरुवातीवर जोर घेऊन नांदू लागला. 'रेफर' फ्रेंचांच्या वाटेने, कित्येक पिढ्यांनंतर आला.

'ऑफर'मध्ये एफ दोन का, असंही कुणी विचारील. तो निव्वळ संधी आहे. 'ऑब' हा लॅटिन उपसर्ग अधिक फेरे. ब पुढच्या फसारखा झाला आणि एफची जोडी जमली. उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख, सत् अधिक जन म्हणजे सज्जन, तशातलंच. 'ऑकर'मधले दोन सीसुद्धा याच ऑबचे, आणि 'अकॉमोडेट'मधले दोन सी हे 'अ‍ॅड' या उपसर्गाचे. शब्दाच्या सुरुवातीची जोडी बहुधा लॅटिन संधीची आणि शेवटची जोडी इंग्रजी आघाताची, एवढं वेगळं ठेवलंत की 'ऑकर्ड'मध्ये दोन सी आणि दोन आर यांचा धाक वाटत नाही.

नियमाला भोकं आहेत, ती लपवत नाही. डब्ल्यू, एक्स, वाय कधी दुप्पट होत नाहीत. 'फिक्स्ड'मधला एक्स मुळातच दोन ध्वनींचा. प्रत्यय व्यंजनाने सुरू होत असेल तर काहीच होत नाही, म्हणून 'कमिटेड'ला दोन टी आणि 'कमिटमेंट'ला एक. 'किडनॅपिंग', 'प्रोग्रॅमिंग', 'फॉरमॅटिंग' यांचा आघात पहिल्या अवयवावर असूनही व्यंजन दुप्पट होतं. त्यांच्या शेवटच्या अवयवातला 'अ‍ॅ' चांगला खणखणीत ऐकू येतो, 'ऑफर'च्या 'फर'सारखा विझत नाही, हे त्यामागचं कारण असं मला वाटतं. आणि 'फोकस्ड'ला एस एक की दोन, यावर जुंपलेल्या दोघांना खुशाल जुंपू द्या. दोन्ही कोशात सापडतात, एक एस जास्त रूढ.

'रिसीट'मधल्या पीला मात्र कानाचा काही उपयोग नाही. फ्रेंच वाटेने आलेल्या या शब्दात पी नव्हता. मूळ लॅटिन 'रेसेप्टा'त तो आहे, हे ठाऊक असलेल्या पंडितांनी तो परत आणून बसवला. बोलणाऱ्यांनी त्याला ओळख दिली नाही, लिहिणाऱ्यांना तो पाळावा लागतो. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला बीसुद्धा असाच पंडितांनी पोसलेला. आणि पंडितांची शिस्त पाहा: 'रिसीट'चीच भावंडं असलेल्या 'डिसीट' आणि 'कन्सीट'मध्ये पी घालायचं राहूनच गेलं. असा प्रश्न चुकला तर वाईट वाटून घेऊ नका, तो पाठांतराचाच आहे.

'इट्स'चं उत्तर दोन ओळींत. 'इट इज' किंवा 'इट हॅज' असं सोडवून वाचता आलं तर टिकली. 'त्याचं' असा अर्थ असेल तर टिकली नाही, जशी 'हर्स', 'युअर्स', 'देअर्स' यांनाही नाही. गोंधळ होण्याचं कारण उघड आहे. नामाला मालकी दाखवताना टिकली लागते, मग या बिचाऱ्या सर्वनामाने काय घोडं मारलं? खरं तर हे रूपच नवं. आधी निर्जीव वस्तूलाही 'हिज'च चालवत, आणि 1611 मध्ये छापलेल्या बायबलच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतराच्या मूळ आवृत्तीत 'इट्स' एकदाही आलेलं नाही. रूढ होऊ लागलं तेव्हा पुष्कळ जण ते टिकली देऊनच लिहीत, अगदी अठराव्या शतकातही. तेव्हा तुमची चूक जुनी आणि खानदानी आहे, पण गुण मिळणार नाही.

राहिलं 'ट्रॅव्हलिंग'. 'ट्रॅव्हल'चा आघात पहिल्या अवयवावर आहे, म्हणजे वरच्या नियमाने एल एकच हवा. अमेरिकेत तसंच लिहितात. तिथे नोआ वेबस्टरने हा एल छाटला, आणि 1828 च्या त्याच्या कोशाचं वजन मोठं होतं. ब्रिटिश लेखनात मात्र शेवटच्या एलची आघात न बघताच जोडी करतात: ट्रॅव्हलिंग, कॅन्सल्ड, लेबल्ड, सगळ्यांत दोन. तुमचं उत्तर बरोबर होतं, चाचणी अमेरिकी वळणाची होती. तेव्हा तुमचे गुण तेरा नव्हेत, चौदा. आणि त्याच चाचणीत दुसरीकडे कुठे 'कलर' हा शब्द यू घालून छापलेला सापडला, तर चाचणी काढणाऱ्याचा एक गुण कापायला हरकत नाही.