७८०५ चा बोर्ड काढताना आधी उष्णतेचा हिशोब

७८०५ म्हणजे जास्त व्होल्टेज उतरवून स्थिर ५ व्होल्ट देणारी रेग्युलेटर चिप. बोर्डावर तांब्याचे ट्रॅक ओढण्याआधी कागदावर एक गुणाकार कर. १२ व्होल्ट आत, ५ बाहेर, करंट अर्धा अँपिअर: ७ गुणिले ०.५, म्हणजे साडेतीन वॅट नुसती उष्णता. हीटसिंकशिवाय, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याशिवाय, ७८०५ ला ती झेपत नाही. बोट लावलंस तर चटका बसेल, आणि थोड्या वेळात चिप स्वतःच आउटपुट पाडेल. जमलं तर ९ व्होल्टचा अडॅप्टर घे, उष्णता दोन वॅटवर येते.

इनपुटचा ०.३३ आणि आउटपुटचा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पायांना अगदी खेटून ठेव.

त्याऐवजी एएमएस १११७ हा दुसरा रेग्युलेटर घेतलास तर मात्र जप! ७८०५ चा पाठीवरचा धातूचा पत्रा ग्राउंडला जोडलेला असतो, १११७ चा आउटपुटला. तो ग्राउंडच्या तांब्यावर सोल्डर केलास की थेट शॉर्ट.