बाळाला बांधायच्या कापडाला पळसाचा रंग घरी देता येतो का?

ताई, तुम्ही लेकराला अंगाशी बांधायला हातमागाचं पाच मीटर सुती कापड घेतलंय. त्याला पळसाचा केशरी रंग हवाय, पण बाळ कडा चोखतं म्हणून धाकधूक वाटते, असं लिहिलंय. घरी नक्की जमेल. पण पळस झाडावर केशरी दिसला, तरी रंग धरावा म्हणून तुरटी दिलेल्या सुतावर तो पिवळा उतरतो. चुन्याच्या निवळीने नारिंगी होतो खरा, पण लेकराच्या तोंडात जाणाऱ्या कापडाला मी चुना लावू देणार नाही. पिवळाच ठेवा, फार देखणा दिसतो.

खरी मेहनत रंगाच्या आधीची. मागावरून उतरलेल्या कापडात खळ असते. रात्रभर भिजत घाला, दुसऱ्या दिवशी थोडा धुण्याचा सोडा टाकून उकळा आणि खळखळून धुवा. वाळल्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब वरच थांबला तर खळ बाकी आहे, पुन्हा उकळा. ही पायरी घाईत उरकली की रंग हमखास चट्ट्याचट्ट्याने बसतो.

सुतावर नुसती तुरटी नीट धरत नाही, आधी हिरडा लागतो. तुमचं कापड साधारण ७०० ग्रॅम भरेल. त्याला १४० ग्रॅम हिरडापूड कोमट पाण्यात कालवून, गाळून, कापड रात्रभर त्यात ठेवा. पिळून सावलीत वाळवा, मग १०० ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात तसंच रात्रभर ठेवा. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर हिरड्याचं कापड करडं पडतं, म्हणून साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर तेच घ्या. गंज, म्हणजे रंगवायचं उभं भांडं, स्टीलचा हवा, लोखंडी कढई नको.

फुलं फाल्गुनात बांधावर पडलेली वेचा. मागचा काळा मखमली भाग खुडून नुसत्या पाकळ्या सावलीत वाळवा. वाळलेल्या पाकळ्या कापडाच्या वजनाइतक्या घ्या, तासभर मंद आचेवर शिजवा, पाणी गाळा. ओलं कापड त्यात सोडा, उकळी येऊ न देता तासभर सतत खालीवर करा आणि गंजातच गार होऊ द्या.

काळ्या मातीचा रंग हवा म्हणून कुणी गूळ आणि गंजलेल्या लोखंडाचं पाणी सुचवेल. सतरंजीला ठीक, पण लोहाने सूत हळूहळू कमजोर होतं आणि या कापडावर लेकराचा सगळा भार असतो. मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, तोही नकोच, तो विषारी. आमच्याकडे बायका लुगड्यातच लेकरू बांधून वावरात जातात. विरलेलं लुगडं मात्र कुणी त्यासाठी घेत नाही.

रंगवल्यावर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. मग पांढरा ओला रुमाल कापडावर घासून बघा. पिवळा झाला तर अजून धुवा, तोवर बाळाला बांधू नका. पुढे धुताना रिठा वापरा, कारण साबणाच्या वडीच्या खाराने पिवळ्यावर लालसर डाग उठतात. वाळवायचं सावलीतच. पळस उन्हाने आणि धुण्याने फिकट होतो, त्यामुळे पुढच्या फाल्गुनात पुन्हा रंगवावं लागेल. तेव्हा आधी कापड उजेडासमोर धरून विरळ जागा शोधा, दोघींनी दोन टोकांनी जोरात ओढून पाहा. कुठे सूत सुटलेलं दिसलं तर त्याची दुपटी शिवा, बांधायला नवीन कापड घ्या.