रेसिझम म्हणायला हातात पॉवर असावीच लागते का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत बरेच जण म्हणतात, काळा माणूस गोऱ्याला रंगावरून काहीही बोलला तरी तो रेसिझम नाही कारण त्याच्याकडे पॉवर नाही, तर हे बरोबर आहे का. मी न्यू जर्सीत १९ वर्षं राहतेय, या विषयावर घरात लेकीशी आणि बाहेर मित्रमंडळींशी कित्येकदा वाजलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आपला शब्दच बघा ना. मराठीत आपण वर्णद्वेष म्हणतो, म्हणजे शब्दातच द्वेष बसलाय, त्यामुळे आपल्याला वाटतं की कुणाच्या तरी मनात तिरस्कार असेल तरच हे होतं. रेसिझमला पॉवर लागतेच असं म्हणणारे लोक नेमकं इथेच अडवतात, आणि त्यांचं म्हणणं हवेतलं नाहीये. काळ्यांच्या चळवळीतले नेते स्टोकली कारमायकल आणि राज्यशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स हॅमिल्टन यांनी १९६७ साली एका पुस्तकात अलाबामातल्या बर्मिंगहॅमचं उदाहरण दिलं. तिथे १९६३ मध्ये चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार काळ्या मुलींना मारलं, त्यावर सगळा देश हळहळला. पण त्याच शहरात नीट खाणं, घर, औषधपाणी नाही म्हणून वर्षाला पाचशे काळी बाळं दगावत होती, त्याला कोण जबाबदार, असं त्यांनी विचारलं. तिथे बॉम्ब ठेवणारा कुणी सापडत नाही. याला त्यांनी इन्स्टिट्यूशनल रेसिझम म्हटलं, म्हणजे व्यवस्थेतच मुरलेला रेसिझम.

घरांचं तर अजून स्पष्ट आहे. १९३० च्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या घरकर्जाच्या सरकारी संस्थेने दोनशेच्या वर शहरांचे नकाशे रंगवले, हिरवा म्हणजे उत्तम, मग निळा, मग पिवळा, आणि लाल म्हणजे धोक्याचा. काळ्यांची वस्ती बहुतेक लालच. आमच्याजवळचं नेवार्कही त्यात आहे. अशा वस्त्यांतल्या कर्जांना सरकारी हमी मिळायची नाही, मग बँकही देत नसे. आता तो नकाशा रंगवणारा कारकून घरी अगदी सज्जन असेल, कुणाला वाकडा शब्द बोलला नसेल, पण कर्ज नाही म्हणून घर नाही आणि घर नाही म्हणून नातवंडांना ठेवायला काही नाही. १९६८ मध्ये कायद्याने हा भेदभाव बंद केला, पण मधल्या तीस-पस्तीस वर्षांत ज्यांची घरं झाली त्यांची झाली. याला फक्त द्वेष म्हणून कसं चालेल.

मग १९७० मध्ये पॅट्रिशिया बिडॉल यांनी सूत्र मांडलं, पूर्वग्रह अधिक सत्ता म्हणजे रेसिझम, आणि ते कॉलेजांत, ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये पसरलं. इथून पुढे मात्र माझं जमत नाही. व्यवस्था दाखवायला केलेलं सूत्र लोक माणसांवर शिक्के मारायला वापरायला लागले, की हा गोरा म्हणून याच्याकडे पॉवर, तो काळा म्हणून त्याच्याकडे नाही, विषय संपला.

अमेरिकेच्या कायद्याने तरी हे कधी मानलं नाही. एका ट्रान्सपोर्ट कंपनीत तिघांवर अँटीफ्रीझचे डबे चोरल्याचा आरोप आला, दोघं गोरे त्यांना काढलं, एक काळा त्याला ठेवलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९७६ मध्ये निकाल लागला की नोकरीत रंगावरून भेदभाव करायला बंदी घालणारा १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा गोऱ्यांनाही तितकाच लागू आहे. तो निकाल लिहिला थर्गुड मार्शल यांनी. सुप्रीम कोर्टातले पहिले काळे न्यायाधीश, ज्यांनी काळ्या-गोऱ्या मुलांना वेगळ्या शाळांत बसवणं बंद करणारा १९५४ चा खटला वकील म्हणून जिंकला होता. पॉवर म्हणजे काय हे त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार, आणि तरी त्यांनी दार सगळ्यांना उघडं ठेवलं, मला हे फार मोठं वाटतं.

म्हणून मी दोन्हीला रेसिझमच म्हणते, एक माणसातला आणि एक व्यवस्थेतला. पॉवर बघायचीच, पण त्या क्षणी, त्या खोलीत निर्णयाचा कागद कुणाच्या हातात आहे ते बघायचं, आणि त्यातून आपण भारतीयही सुटत नाही.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत, त्यांना एक घर भाड्याने द्यायचं होतं. रविवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो तर डायनिंग टेबलवर अर्ज पसरलेले, पगाराच्या स्लिपा, क्रेडिट रिपोर्ट. सगळ्यात चांगला अर्ज एका नर्सबाईंचा होता, पगार पक्का, स्कोअर उत्तम, आधीच्या मालकाचं पत्रही चांगलं. सोबत लायसनची झेरॉक्स होती, त्यावरचा फोटो काकांनी बघितला आणि तो अर्ज उचलून गठ्ठ्याच्या तळाशी घातला. "नको गं बाई, या लोकांची कटकट नको आपल्याला." हेच काका नेहमी सांगतात की ते नवीन आले तेव्हा फोनवर त्यांचा उच्चार ऐकूनच लोक घर गेलं म्हणायचे.

काकू पोहे घेऊन आल्या आणि विषय बदलला. मी काहीच बोलले नाही. आठवडाभर ते डोक्यातून जाईना, शेवटी फोन करून म्हटलं काका, तो अर्ज परत एकदा बघा ना, तर म्हणाले अगं, परवाच चावी दिली दुसऱ्यांना.