बुडालेल्या सैनिकांना 'जलसमाधी' कशी?

प्रश्न असा आहे: महायुद्धाच्या काळात समुद्रात पोहायला उतरलेले काही तरुण सैनिक बुडाले. त्यांच्या स्मारकावर मराठीत लिहिताना 'जलसमाधी' आणि 'वीरगळ' (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड) हे शब्द चालतील का?

'जलसमाधी' नको. बोट उलटली, जलसमाधी. ट्रक पुलावरून पडला, जलसमाधी. ऐकून कान किटले. समाधी घेतात. ज्ञानेश्वरांनी आळंदीला घेतली, एकनाथांनी गोदावरीत घेतली. घटकाभर मोकळीक मिळाली म्हणून लाटांत शिरलेल्या पोरांनी काही घेतले नव्हते, पाण्याच्या ओढीने त्यांना आत नेले. ती बुडाली, तसेच लिहा. त्याने त्यांचा मान कमी होत नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगसुद्धा युद्धकाळात सेवेत असताना गेलेल्या सैनिकाचे नाव कोरतो. गोळीने गेला, तापाने की अपघाताने, हे पाहत नाही.

आता 'वीरगळ'. फार देखणा शब्द! यातला 'गळ' म्हणजे कन्नड 'कल्लु', दगड. समासात 'क'चा 'ग' झाला आणि 'वीरगल्लु' तयार झाले. तेच आपल्याकडे वीरगळ. तमिळमध्ये अशाच दगडाला 'नडुकल' म्हणतात, म्हणजे रोवलेला दगड. 'वीर गळून पडला म्हणून वीरगळ' अशी फोड कुणी सांगितली, तर त्याला कोकणच्या शिलाहार राजांच्या काळातला गधेगळ दाखवावा. त्यावर गाढव कोरलेले असते, दान मोडणाऱ्याला दिलेला शाप असतो. तिथे कोण गळून पडले? उत्तर नाही, कारण तो नुसता 'गाढवाचा दगड' आहे. मराठी शब्दाचे मूळ संस्कृतात किंवा घरच्याच क्रियापदात सापडलेच पाहिजे, हा हट्ट सोडायला हवा. शेजारच्या कन्नडचे आपल्यावर केवढे तरी ऋण आहे.

बोरिवलीजवळ एक्सरला तर समुद्रावरच्या लढाईचे वीरगळ आहेत. वल्ही मारणाऱ्यांच्या रांगांसकट जहाजे कोरलेली! अनेक अभ्यासक ती लढाई देवगिरीचा यादव राजा महादेव आणि शिलाहार राजा सोमेश्वर यांची, १२६५च्या सुमाराची मानतात. महादेवाचा मंत्री हेमाद्री याने सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचे लिहून ठेवले आहे. हे दगड एकदा जाऊन बघाच. खाली लढाई, वर अप्सरा वीराला नेताहेत, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा.

म्हणजे वीरगळ लढता लढता पडलेल्याचा. तुमच्या सैनिकांसाठी 'स्मृतिशिळा' लिहा. दगड त्यातही आहेच.