लोखंड आणि ॲल्युमिनियम पाण्यात सहज विरघळत नाहीत, मग पावसाळी जंगलांच्या मातीतून ते वाहून कसे जातात?

आवळा लोखंडी विळीवर चिरून बघा, कडा लगेच काळ्या पडतात. आवळ्यातलं टॅनिन लोखंडाला पकडतं, म्हणून. जंगलात हेच काम कुजलेला पाचोळा करतो. त्यातून पाझरणारी सेंद्रिय आम्लं लोखंड-ॲल्युमिनियमच्या अणूंना जणू चिमट्यात धरतात. एरवी गंज होऊन मातीतच बसणारा धातू मग पाण्याबरोबर चालू लागतो.

ॲमेझॉनची उपनदी रिओ नेग्रो, तिच्या खोऱ्यात हे डोळ्यांना दिसतं. तिथल्या काही जंगलांत पाचोळ्याखाली चक्क साखरेसारखी पांढरी वाळू आहे. धातू निघून गेले, क्वार्ट्झ, म्हणजे सिलिकाचे कठीण स्फटिक, तेवढं उरलं. त्याखाली काळपट, घट्ट थर लागतो. आम्लांवर धातूचा भार वाढत गेला की ती तिथेच साचतात. पाणी त्या थरावर अडतं, आडवं वाहत ओढ्यांना मिळतं आणि उरलेला सेंद्रिय माल धातूंसकट नदीत नेतं. नदीचा काळ्या चहासारखा रंग त्याचाच. ग्लासात घेतलं तर ते पाणी तांबूस दिसतं! ब्राझीलमधल्या मानाउस शहराजवळ ते सोलिमोईंसच्या (ॲमेझॉनच्या वरच्या भागाचं तिथलं नाव) गढूळ पाण्याला भेटतं, तरी कित्येक किलोमीटर दोन्ही रंग वेगळेच राहतात.

कोकणातला जांभा याच्या अगदी उलट. तिथे सिलिका धुऊन गेली आणि लोखंड-ॲल्युमिनियम मागे राहिले, म्हणून चिरा तांबडा. मला ही जोडी फार आवडते. पाऊस दोन्हीकडे धो धो, पण मूळ खडक आणि मातीतलं सेंद्रिय आम्ल वेगळं, म्हणून एकीकडे पांढरी वाळू तर दुसरीकडे तांबडा कातळ.