कंबरदुखीसाठी श्वासाचा व्यायाम का?

प्रश्न : माझी कंबर वरचेवर दुखते. फिजिओथेरपिस्टनी इतर व्यायामांआधी श्वासाचा सराव करायला सांगितला आहे. श्वासाचा आणि कमरेचा काय संबंध? धाप लागलेली असताना वजन उचलले की कंबर अधिक अवघडते, ते यामुळेच का?

उत्तर : हा संबंध शरीररचनेतच आहे. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटाच्या आकाराचा जो स्नायू असतो, त्या श्वासपटलाच्या कडा खालच्या सहा बरगड्यांना जोडलेल्या असतात आणि मागचे दोन भक्कम पट्टे थेट कमरेच्या वरच्या मणक्यांना चिकटलेले असतात.

श्वास घेताना हा घुमट आकुंचन पावून खाली सरकतो. छातीची पोकळी वाढते, तेथील दाब घटतो आणि हवा फुप्फुसांत शिरते. पोट पुढे येते ते खाली ढकलल्या गेलेल्या अवयवांमुळे. त्यामुळे ‘पोटात हवा भरा’ ही नेहमीची सूचना मला दिशाभूल करणारी वाटते. याच वेळी पोटातला दाब वाढतो आणि पोटाचे खोल आडवे स्नायू व ओटीपोटाच्या तळाचे स्नायू त्याला अडवून धरतात, तेव्हा त्या दाबाचा कण्याला पुढून आधार मिळतो.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की, उभ्या माणसाने हात झटकन उचलला, तर खांद्याचा स्नायू कामाला लागण्याच्या सुमारे २० मिलिसेकंद आधीच श्वासपटल आकुंचन पावते, मग त्या क्षणी श्वास आत जात असो वा बाहेर. म्हणजे तोल सावरणे हेही त्याचे कामच आहे. मात्र श्वसनाची गरज वाढली की त्याचे हे दुसरे काम मागे पडते, असेही पुढील प्रयोगांत आढळले. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा यातच आहे; धाप ओसरल्यावरच वजन उचलावे.

सरावासाठी गुडघे वाकवून उताणे झोपावे, बोटे खालच्या बरगड्यांवर ठेवावीत आणि श्वास घेताना त्या दोन्ही बाजूंना फाकतात का, हे पाहावे. खांदे वर चढू देऊ नयेत. श्वास सावकाश सोडावा. हे झोपून सहज जमू लागल्यावर बसून आणि मग उभे राहून करावे. केवळ याने कंबरदुखी जाईल असे मी म्हणणार नाही. स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम हवेतच. रक्तदाब किंवा हर्निया असल्यास श्वास रोखून जोर लावू नये. पायात बधिरपणा वा अशक्तपणा जाणवला, किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर व्यायाम थांबवून ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.