'ऑर्गॅनोमेटॅलिक' म्हणजे 'सेंद्रिय धातू' का?

प्रश्न असा: एका रसायनशास्त्रज्ञाच्या परिचयात संशोधनाचा विषय 'ऑर्गॅनोमेटॅलिक सिंथेसिस अँड कॅटॅलिसिस' असा दिला आहे. त्याचं मराठी 'सेंद्रिय धातूंचे संश्लेषण व संप्रेरण' चालेल का?

नाही चालणार. 'संप्रेरण' आधी निकालात काढू. संप्रेरक म्हणजे हॉर्मोन. इन्सुलिन, थायरॉक्सिन वगैरे. कॅटॅलिस्ट, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रियेला वेग देणारा पदार्थ, तो उत्प्रेरक आणि त्याचं काम ते उत्प्रेरण. उपसर्ग चुकला की वाचक प्रयोगशाळेतून थेट ग्रंथींमध्ये पोचतो.

'सेंद्रिय धातू' ही चूक जास्त खोल आहे. धातू हे मूलद्रव्य. ते सेंद्रिय नसतं आणि चंबूत बनतही नाही. बनतं ते संयुग. त्यातून 'सेंद्रिय' म्हटलं की आज निम्म्या वाचकांना गांडूळखत आठवतं. दहावीच्या पुस्तकातही धड्याचं नाव 'कार्बनी संयुगे' असं आहे.

शब्द निवडताना व्याख्येकडे बघावं: रेणूत कार्बन आणि धातू यांच्यात थेट बंध हवा. दोघं एका रेणूत असणं पुरत नाही. सोडियम ॲसिटेटमध्ये सोडियम आहे, कार्बनही आहे, पण सोडियमचं नातं ऑक्सिजनशी, म्हणून ते या कुळातलं नाही. फेरोसीनमध्ये (१९५१) लोखंडाचा अणू कार्बनच्या दोन पंचकोनी कड्यांमध्ये धरलेला असतो; ते आहे. म्हणून मी 'कार्बन-धातू संयुगे' लिहीन. काटेकोर वाचक कार्बाइडांची (धातू आणि कार्बन यांच्या साध्या संयुगांची) आठवण करून देईल. ती रिवाजाने या गटाबाहेर ठेवतात, एवढी टीप पुरे. हिंदीतला 'कार्बधात्विक' अचूक आहे, पण मराठी जिभेला जड. पहिल्या उल्लेखात 'ऑर्गॅनोमेटॅलिक' सोबत द्यावा, त्यात कमीपणा नाही.

खरी गंमत विभक्तीत आहे. इंग्रजीत एकच विशेषण दोन्ही नामांवर बसतं, पण दोन्हीकडे नातं वेगळं. संश्लेषण संयुगांचं होतं, तिथे षष्ठी. उत्प्रेरण संयुगांनी होतं, तिथे तृतीया. 'कार्बन-धातू संयुगांचे संश्लेषण व उत्प्रेरण' असं लिहिलं, तर उत्प्रेरण जणू त्या संयुगांवरच केलं जातंय असं वाटतं. म्हणून: 'कार्बन-धातू संयुगांचे संश्लेषण आणि त्यांच्याद्वारे उत्प्रेरण'. लांबलं खरं, पण अर्थ जागेवर राहिला.

पुढे परिचयाच्या मजकुरात सुझुकी अभिक्रिया येईलच (पॅलेडियमच्या मदतीने कार्बनचे दोन तुकडे जोडणारी, २०१० च्या नोबेलमधली), तिथे दोन खड्डे आहेत. तिच्यात सर्रास वापरला जाणारा उत्प्रेरक म्हणजे टेट्राकिस, एका पॅलेडियमभोवती चार ट्रायफिनाइलफॉस्फीन (फॉस्फरस असलेले रेणू). बाटलीत असताना त्यात कार्बन-धातू बंध नसतो, पॅलेडियम फॉस्फरसला धरून असतं. अभिक्रियेत ते सुरुवातीच्या पदार्थातल्या (उदाहरणार्थ ब्रोमोबेंझीनच्या) कार्बन-ब्रोमीन बंधात शिरतं आणि मग पॅलेडियम-कार्बन बंध तयार होतो. तेव्हा उत्प्रेरकाला सरसकट 'कार्बन-धातू संयुग' म्हणू नका.

दुसरा खड्डा '१ टक्का उत्प्रेरक'. इथे टक्का मोलचा, म्हणजे रेणूंच्या संख्येचा असतो, वजनाचा नाही. १० मिलिमोल ब्रोमोबेंझीन म्हणजे १.५७ ग्रॅम. त्याला १ मोल टक्का टेट्राकिस म्हणजे ०.१ मिलिमोल, साधारण ११६ मिलिग्रॅम. वजनाने १ टक्का घेतलं तर जेमतेम १६ मिलिग्रॅम होईल, म्हणजे सातवा हिस्सासुद्धा नाही, आणि अभिक्रिया अर्धवट राहण्याची भीती. 'मोल' हा शब्द अनुवादात गाळला की असं होतं.

आणखी एक अडचण 'निष्क्रिय' या शब्दाची. आरगॉन निष्क्रिय वायू, आणि बिघडलेला उत्प्रेरकही निष्क्रिय! एकाच परिच्छेदात दोन्ही आले की गोंधळ. वायूसाठी सरळ 'आरगॉनच्या वातावरणात' लिहा, उत्प्रेरक 'निकामी' होऊ द्या. टेट्राकिस निकामी कसा होतो हेही सांगता येतं: ताजी पूड पिवळी असते, हवा लागली की फॉस्फीनचं ऑक्सिडीकरण होतं, रंग मळकट पडतो, आणि आधार सुटलेलं पॅलेडियम शेवटी काळ्या भुकटीच्या रूपात तळाशी बसतं. तिला मराठीत 'काळं पॅलेडियम' म्हणायला हरकत नाही. प्रयोगशाळेत मात्र सगळे 'पॅलेडियम ब्लॅक'च म्हणतात.